कामिनीताईच्या बुडण्याबाबत

माझी बहीण कामिनीताई मेहरूण तलावात बुडून वारली.

असं काहीही झालेलं नाही. ताई आत्ता स्वयंपाकघरात भाकरी थापतेय, आणि ज्या जोराने थापतेय त्यावरून ती जिवंत आहे आणि कुणाच्या तरी नावाने थापतेय, हे बाहेरच्या खोलीतही कळतं.

ताई स्कुबा डायव्हिंग शिकवते. मालवणला जाऊन शिकली आणि जळगावला परतून म्हणाली, "समुद्र लांब आहे तर राहू दे लांब. पाणी ते पाणी." तलावाचे फायदेही आहेत. लाटा नाहीत. मीठ नाही, त्यामुळे सामान गंजत नाही आणि खाली जायला कमरेला शिसंही कमी बांधावं लागतं. दिसण्याचं म्हणाल तर हात लांब केला की पंजा दिसत नाही. तो आपलाच आहे असा विश्वास ठेवायचा. प्रवाळ नाही, चिलापी मासा आहे.

वर्षभर हेलपाटे घालून ताईने परवानगी मिळवली. पहिली विद्यार्थिनी यावलची पुनम. तिच्या घरच्यांची अट एकच: सकाळच्या बसने जा, संध्याकाळच्या बसने ये, मुक्काम नाही. कोणताही समुद्र एवढ्यात बसत नाही. म्हणजे पुनमला मेहरूण, नाहीतर काही नाही.

रविवारी ती येणार होती. गुरुवारी ताई काळा सूट घालून काठावर सिलिंडर तपासत होती, तेवढ्यात एक कावळा आला आणि तिच्या डोक्यावर बसला. नातेवाईक समजला असावा.

आई डबा घेऊन तिथेच आली होती. तिने ते पाहिलं. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाचा सांगावा. त्यावर आमच्याकडे उपाय आहे: लांब राहणाऱ्या नातेवाइकाला ते माणूस मेल्याचं कळवायचं, तो मनापासून रडला की आलेलं टळतं, मग खरं सांगून टाकायचं. आईने लगेच धुळ्याच्या बेबामावशीला फोन लावला.

"अक्का, कामिनी गेली गं!"

"बाई वं! मनी कामिनी! कसं व्हयनं वं?"

याचा विचार आईने केला नव्हता. समोर तलाव होता, म्हणून म्हणाली, "बुडाली." समोर वडापावची गाडी असती तर भाजली म्हणाली असती.

मावशी रडली. इतकं मनापासून रडली की खरं ऐकायला थांबलीच नाही. फोन ठेवून सगळ्या गोतावळ्याला कळवत सुटली. आईला तिचा फोन पुन्हा लागेना, आणि तोवर प्रेमराजकाकांनी ताईचा मास्क लावलेला फोटो हार घालून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाही होता. संध्याकाळी मावशी दारात उतरली. दार ताईने उघडलं.

"तू जित्ती शे?" मावशी आनंदाने रडली, आणि मग संतापली. "मी बठ्ठा धुयाले सांगी दिनं! आते मी काय तोंड दाखाडू?"

तोपर्यंत तो फोटो परवानगी देणाऱ्या कार्यालयात पोचला होता. सकाळी तलावावर फलक लागला: दुर्घटनेमुळे डायव्हिंग बंद.

ताई मला घेऊन कार्यालयात गेली.

"साहेब, कामिनी म्हणजे मीच."

"फार वाईट झालं," साहेब म्हणाले.

"अहो, मी जिवंत आहे!"

"ते मला दिसतंय. पण मला दिसण्यावर तलाव चालत नाही. बुडाल्याची नोंद झालीय. मृतदेह सापडत नाही तोवर फाईल बंद होणार नाही. आणि फाईल उघडी तोवर तलाव बंद."

"मृतदेह इथं खुर्चीत बसलाय!"

"पाण्यात सापडायला हवा, ताई."

"मग शोधा!"

"कोण शोधणार? जिल्ह्यात पाणबुड्या तुम्ही एकट्याच."

ताईने डोळे मिटले. "बरं. मी शोधते."

"कसं शोधाल? तलाव बंद आहे ना."

बाजूचा शिपाई मान हलवत राहिला, जणू गणित बरोबर सुटलं. ताई उठून उभी राहिली.

"साहेब, समुद्रात रोज माणसं बुडतात. कुणी समुद्र बंद केला?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "समुद्राचं वेगळं असतं."

"काय वेगळं?"

"तो समुद्र असतो."

रविवारी पुनम आली. फलकापाशी उभी राहून तिने पाण्याकडे पाहिलं, ताईने दिलेला मास्क डोळ्यांना लावला, पुन्हा पाहिलं आणि काढून परत दिला. "पुढच्या वेळी घरचे सोडतील का, सांगता येत नाही, मॅडम," एवढंच म्हणाली. ताई तिला सोडायला स्टँडपर्यंत गेली. परतल्यावर सरळ कागद घेऊन बसली. तो अर्ज आज आवक खिडकीवर देऊन आलो:

"महोदय, उपरोक्त विषयान्वये अर्जदार (हयात) हिची नम्र विनंती की, मेहरूण तलावास दर रविवारी कार्यालयीन वेळेत समुद्र म्हणून घोषित करण्यात यावे, आणि सदर आदेशाची एक प्रत समुद्रास माहितीस्तव पाठवण्यात यावी."