नायट्रोजन घेतलेले बुवा

न्हावऱ्याच्या सावळारामबुवांना पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. "कॅन्सर झालेला नाही. पण वर्षानुवर्षं पित्त वर येऊन अन्ननलिकेचं अस्तर बिघडलंय. तसंच ठेवलं तर पुढं होऊ शकतो. दुर्बिणीतून लिक्विड नायट्रोजनचा फवारा मारू. बिघडलेलं गोठून झडेल, नवं अस्तर येईल."

नायट्रोजन म्हणताच बुवा दचकले. गायी भरवायला येणारा सतीश वळूचं बीज गोठवून गाडीला बांधून आणतो, ती धूर ओकणारी टाकी! बातमी डेअरीवर पोचली, तेव्हा सतीशच म्हणाला, "बुवा, जपून. कालवड झाली तर पेढे पायजेत!"

बुवाही हसले, पण मनात धास्ती बसली. निमोण्याच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन त्यांचं. गळाच गोठला तर?

"आवाजाची नळी वेगळी असते, बुवा," डॉक्टर म्हणाले. फवारा झाला, छातीत जरा दुखलं, पोट गॅसनं फुगलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बोलायलाही परवानगी होती. पण बुवांनी तोंड उघडलंच नाही. उघडलं आन् आवाज आलाच नाही तर?

परतताना दौंडच्या रेल्वेत बुवांची बायको साखरबाई डब्यातली पेज पुढं करत म्हणाल्या, "घ्या. काय? खुणा कशाला करताय, बोला की!"

बुवांनी मान हलवली.

"बरं. मग आज मी कीर्तन करते." बाई पदर खोचून समोरच्या बायकांकडं वळल्या. "तर बायांनो, बाळ एकनाथ नैवेद्य घेऊन राऊळात गेला..."

बुवांनी डोळे वटारले.

"देवाला म्हणाला, जेव. देव काय जेवंना. मग एकनाथानं आईला हाक मारली..."

बुवांनी मांडीवर हात आपटला.

"आई म्हणाली, र्‍हाऊ दे, देवाला भूक न्हाई..."

"अगं एकनाथ न्हाई, नामदेव!" रेल्वेचा डबा दणाणला. "आन् आई कुठनं आणलीस मधी? पोर एकटं व्हतं! हट्टाला पेटलं, पायरीवर डोकं आपटाय निघालं, तवा देव जेवला!"

सगळे वळून बघायला लागले. बुवा स्वतःच थबकले. गळ्याला हात लावला. तोच आवाज, खणखणीत, वेशीपर्यंत जाणारा. डोळे भरून आले आन् हसूही फुटलं.

"पुढं काय झालं, बुवा?" पलीकडची म्हातारी म्हणाली.

बुवा उठून उभे राहिले, हात जोडले आन् विठ्ठलनामाचा असा गजर लावला, की दौंड आलं तरी कुणी उतरेना.

साखरबाई उरलेली पेज झाकत हळूच म्हणाल्या, "एकनाथ न्हाई, नामदेव! मला काय ठावं नव्हतं व्हय?"