आईच्या नावाची मूठ

सासू जाऊन चाळीस दिवस झाले, तरी हेसुकला रडू फुटलं नव्हतं. ती उठायची, भात शिजवायची, किमचीची बरणी उघडायची, नवऱ्याला वाढायची. आतून सगळं बधिर.

म्हातारी चर्चची. शिजवायच्या तांदळातून घरातल्या प्रत्येकाची एकेक मूठ काढून ती मडक्यात टाकायची, आणि दर मुठीला त्याचं नाव घेऊन प्रार्थना पुटपुटायची. ते तांदूळ चर्चमधून गरिबांकडे जायचे. हेसुक काही तिच्या देवाला मानत नव्हती.

"अहो आई, माझीच मूठ एवढी मोठी का?" तिने एकदा टोमणा मारला होता.

"तू आडमुठी ना, म्हणून!"

आज चर्चमधल्या ओकबुन मावशी आल्या. "अंत्यविधीनंतर मडक्यातले तांदूळ मीच काढून नेले होते. आता तेवढं मडकंही दे बाई. टाकणारीच गेली."

हेसुकने झाकण काढलं. मडकं निम्म्याच्या वर भरलेलं. घरात तांदळाला हात लावणारी ती एकटीच.

तिने संध्याकाळचे तांदूळ मापून घेतले आणि परक्याच्या हाताकडे पाहावं तशी स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. एक मूठ नवऱ्याची. एक तिची. मग हात तिसऱ्यांदा गेला आणि चांगली मोठी मूठ भरून आला.

"आई," ती पुटपुटली.

मावशी हळूच म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसाची मूठ काढत नाहीत आपल्यात."

"नसतील काढत," हेसुक म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "मी आडमुठी आहे."