करगोट्यातल्या कड्या आणि माझी सुई

मित्रांनो, आमच्या अंगणवाडीच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला वाशाला एक गोल तबकडी लटकलेली दिसेल. तोच मी, एक जुना टांगता वजनकाटा. माझी काच एका कडेने धुरकट झाली आहे आणि आकड्यांचा काळा रंग थोडा थोडा उडत चालला आहे. पण पोटातली स्प्रिंग अजून शाबूत आहे. तिच्या बळावरच मी माझी गोष्ट सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला आकड्याला टांगलं, ठरलेली वजनं लावून पाहिलं, आणि सुई नेमक्या जागी थांबल्यावरच पेटीत घातलं. जेवढं असेल तेवढंच सांगायचं, एवढाच माझा धर्म. कुणाला बरं वाटावं म्हणून जास्त नाही, आणि कुणाचा राग आला म्हणून कमी नाही.

माझी पहिली नोकरी मुरबाडकडच्या एका भातसंशोधनाच्या शेतावर होती. एका वाफ्यात जुनं बियाणं, शेजारच्या वाफ्यात नवं. कापणी झाली की दोन्हीकडच्या लोंब्या माझ्या आकड्याला लागायच्या. एका वर्षी अवकाळी सर येऊन गेली आणि नव्या भाताची पेंढी उचलताच माझी सुई झरकन पुढे फिरली. सगळे खूश! पेढे मागवायचीच बाकी होती. तेवढ्यात तिथल्या मॅडम म्हणाल्या, "थांबा रे. आधी वाळू दे. आत्ता भात नाही, पाणी बोलतंय." भात वाळलं, पुन्हा मोजलं, आणि वाढ निघाली ती अगदी बेताची. मॅडमनी तीच लिहिली. मला त्या दिवशी मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं.

पुढे मी तानसाच्या जंगलाकडे गेलो. ओढ्यातले मासे वाढतात की घटतात, याचा अभ्यास करणारी मंडळी मला घेऊन काठावर बसायची. श्रावण आला आणि मासे धरणाऱ्या बायकांच्या पाट्या एकदम हलक्या येऊ लागल्या. "मासे संपले!" असं एकाने जाहीरही करून टाकलं. मग दुसऱ्याने त्यांच्यातल्या एका बाईला विचारलं, "मावशी, जाळी रोजच्याएवढीच टाकता ना?" ती हसून म्हणाली, "श्रावनात कोन खातंय रे मासे? आमी तरी कशाला भिजू?" घट होती ती जाळ्यांची. माशांचं काय झालं, ते अजून कळायचंच होतं. वाढ म्हणा, घट म्हणा, मी फक्त आकडा दाखवतो. तो कशाचा आहे, हे माणसांनी विचारायचं असतं.

ते काम आटोपलं आणि मला एका गोदामात टाकून दिलं. इलेक्ट्रॉनिक काटे आले होते. माझ्या आकड्याला कोळ्याने जाळं विणलं, तबकडीवर पाली फिरू लागल्या. कुणी माझ्याकडे बघेना. रिकामं लटकणं सुद्धा बरं, पण रिकामं पडून राहणं फार वाईट असतं, मित्रांनो.

तिथून मला बाहेर काढलं ते प्रियांकाने. ती सापगावची मुलगी, शहरात पोषणशास्त्र शिकत होती. पाड्यांवरच्या लहान मुलांचं वजन कोणत्या ऋतूत वाढतं आणि कोणत्या ऋतूत उतरतं, हा तिचा अभ्यास. डोंगरातल्या या पाड्यावर विजेचा भरवसा नाही, सेल संपले की इलेक्ट्रॉनिक काटा मुका होतो. म्हणून तिने मला पुसलं, तेल दिलं आणि इथल्या सेविका चंदाताईंच्या हाती सोपवलं. तेव्हापासून माझ्या आकड्याला कापडी झोळी असते आणि झोळीत बाळ.

या पाड्यावर लहानी नावाची एक आजी राहते. तिचा नातू जगदीश जन्मापासून किरकिरा आणि अशक्त. आजी देवाला नवस बोलली. तिच्याकडे पूर्वी एक बैल होता, भरली गाडी एकट्याने चढणीला ओढणारा. त्याच्या गळ्यातली साखळी तिने जपून ठेवली होती. तिची एक एक कडी सोडवून दर अमावस्येला ती नातवाच्या करगोट्यात ओवायची. पोर बैलासारखं ताठ उभं राहीपर्यंत करगोटा उतरवायचा नाही, असा तिचा बोल होता.

करगोटा इथल्या सगळ्याच बाळांच्या कमरेला असतो, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. आणि जगदीशचं झबलं तर आजी काढूच देत नसे. उघड्या अंगाला नजर लागते म्हणायची. चंदाताई तिचं मन राखायच्या. त्यामुळे आतल्या कड्या कुणाला दिसल्या नाहीत. मलाही नाही, कारण मला फक्त ओझं कळतं.

दर महिन्याला माझी सुई किंचित पुढे जायची. चंदाताई म्हणायच्या, "वाढतंय गो हळूहळू."

"वाढनारच," आजी म्हणायची. "देव बघतोय ना."

जगदीशची आई जिवली मात्र एकदा दारातच अडली. "ताई, पर मी याला उचलते तर मला हलका लागतो. हाताला कळतं ना. मांड्या पन वाळल्यात त्याच्या."

"तू गप गो," आजी फटकारून बोलली. "काट्यापेक्षा तुला जास्ती कळतं व्हय?"

मी तिथेच टांगलेला होतो. माझं नाव घेऊन एका आईला गप्प बसवलं गेलं, हे मला फार लागलं.

नंतर प्रियांका आली. तिने जगदीशच्या दंडाला घेर मोजायची पट्टी गुंडाळली, वाचली, पुन्हा गुंडाळली. "ताई, वजन वाढलंय आणि दंड उतरलाय. दोन्ही खरं कसं असेल?"

मदतनीस बाईजा चुलीपाशी खिचडी ढवळत होती. ती तिथूनच म्हणाली, "काटाच येडा झालाय. म्हातारा झाला, त्याचं काय खरं? भंगारवाल्याला द्या, बदल्यात चार कांदे तरी येतील."

"आधी परीक्षा, मग शिक्षा," चंदाताई म्हणाल्या. त्यांनी दुकानातून मिठाचे सीलबंद पुडे आणवले. रिकामी झोळी लावून माझी सुई शून्यावर आणली. मग एक पुडा ठेवला, मग दुसरा. मित्रांनो, मी अंगातला सारा गंज विसरून उभा राहिलो. सुई जिथे थांबायला हवी तिथेच थांबली, आणि पुडे काढल्यावर नेमकी शून्यावर परतली.

"बरं बाबा," बाईजाने मला हात जोडले. "तूच शाना."

चंदाताई आजीकडे वळल्या. "काटा खरा आहे मावशी. आता पोर तेवढंच मोजू. झबलं काढा."

"नाय. धा जनींसमोर उघडं करू पोराला?"

"दहा जणी कशाला? बाईजा, पोरांना घेऊन अंगणात जा. दाराला लुगडं बांध." ताईंचा आवाज चढला नाही, पण त्या जागच्या हलल्याही नाहीत.

दार झाकलं गेलं. आत राहिल्या त्या चंदाताई, प्रियांका, जिवली आणि आजी. जिवलीने सासूकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच्या हाताने झबलं वर केलं. काळ्या दोऱ्यात ओवलेल्या लोखंडी कड्या एकमेकींवर वाजल्या. बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आल्या होत्या. प्रियांकाने तोंडावर हात ठेवला.

"हे सोडायचं नाय," आजी म्हणाली. "मी देवाला बोललेय. बोल मोडला न् पोराला काय झालं तर?"

"आई, पोराला आत्ताच होतंय," जिवली म्हणाली. सासूपुढे ती इतकं स्पष्ट कधी बोलली नव्हती. "देवाला पोर पायजे का कड्या, ते तरी इचारा त्याला."

मग चंदाताई आजीच्या शेजारी खाली बसल्या. "मावशी, मी सोमवार धरते, तुम्हाला ठाऊक आहे. कुणाचं व्रत मोडायला मी सांगायची नाही. पण बोल बोललं कोण? तुम्ही. मग त्याचं ओझं त्याच्या कमरेला कशाला? तुमच्या कमरेला बांधा. देवाच्या लेखी नवस तुमच्या घरातच राहिला."

आजी जगदीशकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटलं, करगोट्याची गाठ दातांनी सोडवली आणि कड्यांसकट तो दोरा काढला. तिच्या कमरेला तो पुरेना. तिने पदराची चिंधी फाडून जोड दिला आणि घट्ट गाठ मारली.

"घे. मोज आता."

जिवलीने बाळाला झोळीत ठेवलं. माझी सुई हलली, आणि लवकरच थांबली. पहिल्या अमावस्येच्या आधी जिथे थांबली होती, त्याच्याही अलीकडे. मला ती एक रेष जरी पुढे ढकलता आली असती, तरी मी ढकलली नसती.

आजीने कमरेवरच्या कड्या मुठीत धरल्या. "म्हंजे इतके दिस ह्याच वाढत व्हत्या?"

"हो आजी," प्रियांका हळू म्हणाली.

आजी उठली. "मंग बसून काय राह्यलात? जीप कवा हाय शापूरची?"

त्याच दुपारी ती तिघं शहापूरला गेली. तिथल्या दवाखान्यात अशक्त मुलांना ठेवून घेऊन उपचार करतात. जिवली बाळाजवळ राहिली, आणि आजीही तिथून हलली नाही. कड्या तिच्याच कमरेला होत्या. पाड्यावर चंदाताई घरोघरी गेल्या, आणि तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: मोजण्याआधी वाळे, ताईत, करगोटा, सगळं आजीच्या नाहीतर आईच्या हातात. मोजून झालं की पुन्हा बाळाच्या अंगावर. देवाचं देवाला आणि बाळाचं बाळाला. प्रियांकानेही आधीचे सगळे आकडे बाजूला ठेवले आणि अभ्यास पहिल्यापासून सुरू केला. वर्ष वाया गेलं, असं कुणी म्हणालं तर ती म्हणते, "वाया जायचं ते वाचलं."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या शेताचा अभ्यास करील, कुणी माशांचा, कुणी माणसांचा. तुमच्या हाती माझ्यासारखा एखादा काटा येईल. त्याला पुसत जा, ओल लागू देऊ नका, काही टांगण्याआधी सुई शून्यावर आहे का ते बघत जा. आणि आकडा वाढला म्हणून लगेच हसू नका, उतरला म्हणून लगेच रडू नका. आधी विचारा, काय वाढलं? काय घटलं? आणि शेजारी कुणी आई म्हणत असेल की हाताला हलकं लागतं, तर तेही ऐका.

काल जगदीशची पाळी होती. आता तो झोळीत बसतच नाही. पाय रोवून उभा राहतो आणि मला धरायला हात वर करतो, त्यामुळे सुई इकडून तिकडे नाचत राहते. "अरे बस की रे माकडा," चंदाताई म्हणाल्या, "आकडा दिसू दे." आजी मात्र म्हणाली, "नाचू दे. आमाला कुठं घाई हाय?"

मग आम्ही सगळे थांबलो, सुई स्थिर होईपर्यंत.