सेरोजच्या बरणीतलं खमीर

नोरायरनं पिंपाला कान लावला. आत सामसूम. झाकणातून काढलेली नळी ग्लासभर पाण्यात बुडवलेली होती, पण एकही बुडबुडा उठत नव्हता. एरवी खमीर घातलं की रात्रीतून जवाचा काढा खदखदायला लागायचा.

गारठ्यानं असेल, म्हणून त्यानं पिंप तळघरातून वर आणलं, शेगडीशेजारी ठेवलं, घोंगडी गुंडाळली. हवा कमी पडली असेल, म्हणून गदागदा हलवलं. ढिम्म.

"सेरोजला विचारा की," भाजी निवडणारी आर्पिक म्हणाली. "खमीर त्याच्याकडचं ना?"

"त्याच्या खमिराला काय धाड भरलीय?"

बायकोनं भाजीची पुढची जुडी सोडली.

जुल्फाच्या ख्रिस्ती मोहल्ल्यात नोरायर आणि सेरोज तरुणपणापासून मिळून बिअर करत. आधीच्या खेपेचा तळाचा गाळ सेरोजच्या फ्रिजमध्ये जपायचा, तोच नव्या काढ्यात घालायचा, आणि ईस्टरला सेरोजच्या अंगणात तुतीखाली बसून प्यायची. या वेळीही बरणी सेरोजनंच आणून दिली होती.

नोरायरनं कोमट साखरपाण्यात त्यातला उरलेला चमचाभर गाळ टाकून पाहिला. जिवंत असता तर फेस आला असता. गाळ नुसता तळाशी बसला. मेलेला. थंडीत महिनोन्महिने टिकणारी गोष्ट मरते कशी? सेरोजचा फ्रिज बिघडला असणार. चिडवायला बरा विषय मिळाला म्हणून तो खुशीतच निघाला.

दार सेरोजच्या बायकोनं, क्नारिकनं उघडलं. नोरायर सवयीनं सरळ स्वयंपाकघरात शिरला. फ्रिजच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन होता. गालिचे गुंडाळून दोरीनं बांधलेले.

"फ्रिज विकला," मागून सेरोज म्हणाला. "बरणी खिडकीत, उन्हात राहिली. वाटलं, टिकेल."

"विकला कशाला?"

"व्हिएन्नाला चाललोय आम्ही. तिथून पुढं अमेरिका, पोरीकडं."

"कधी?"

"ईस्टरच्या आधी."

नोरायर बांधलेल्या गालिच्यावरच टेकला. "आणि मला तुतीखाली एकट्याला बसवणार होतास?"

"नोरायर जान, सांगितलं असतं तर वर्षभर तुझं हे तोंड बघत बसावं लागलं असतं. माझ्यात तेवढा दम नव्हता."

"पण आर्पिक बोलली नाही का?" क्नारिक मध्येच म्हणाली आणि नवऱ्याकडं बघून तिनं जीभ चावली.

"तिला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत आहे," सेरोज खाली बघत म्हणाला. "तुला तेवढं सांगू नका म्हणून मीच विनवलं होतं."

चहा आला. नोरायरनं हात लावला नाही.

घरी जाताना त्यानं पाव भाजणाऱ्या नानवायाकडून खमीर घेतलं, कोमट पाण्यात जागं केलं आणि पिंपात ओतलं. संध्याकाळी नळीतून बुडबुडे सुटले. आर्पिक बघायला आली. तो म्हणाला, "तुला सगळं आधीच कळतं. बघायचं काय त्यात?"

निघायच्या सकाळी सेरोजचा फोन बराच वेळ वाजला. नोरायर नळाखाली बाटल्या विसळत राहिला.

ईस्टरला त्यानं एक बाटली फोडली. आंबट, कच्च्या पिठाची चव. आर्पिकनं आपला ग्लास पुढं केला. त्यानं स्वतःचा भरला आणि बाटलीला बूच लावलं.