बाजूची गादी

टेस्टर म्हणजे वायरमन. खिशात कायम टेस्टर खोचलेला, म्हणून अख्खी गल्ली त्याला टेस्टरच म्हणायची. गडी असा, की समोर वाफाळता चहा आला तरी आधी बोट लावून बघणार, खरंच गरम आहे का. भूतबित काही नसतं, कुठेतरी वायर लूज असते, हे त्याचं ठाम मत.

असला माणूस झेन ध्यानाच्या बैठकीला जाऊन बसायला लागला, तो थोरल्या भावापायी. दादा तिथे वर्षानुवर्षं जायचा. एका संध्याकाळी बायकोला "येतो गं" म्हणाला, बैठकीला निघाला आणि वाटेत बँकेच्या पायरीवर जरा टेकला, तो टेकलाच. हार्ट. टेस्टरच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. दादाला तिथे एवढं काय मिळत होतं ते एकदा तपासू, म्हणून तो गेला, आणि जातच राहिला.

बैठक म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. भिंतीला लागून गाद्या मांडलेल्या. बाई घंटी वाजवायच्या. बाई म्हणजे रिटायर झालेली नर्स, आवाज अजून वॉर्डातला. घंटी झाली की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून गप बसायचं. एक नियम मात्र कडक, मान वळवायची नाही. बाजूला कोण आलं, कोण गेलं, तुला काय करायचंय?

खिडकीपाशी दादाची गादी. तिच्यावर कुणी बसत नव्हतं. तिच्याशेजारी टेस्टर.

दादाचं नाक लहानपणी पडून मोडलेलं. श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची. आणि एका संध्याकाळी टेस्टर भिंतीकडे बघत बसलेला असताना बाजूने ती शिट्टी आली. हळू. मग थांबली. मग पुन्हा. टेस्टरच्या मानेवरचे केस उभे राहिले, पण मान वळली नाही. घंटी झाल्यावर बघतो, तर गादी रिकामी.

तिथे तो चुकला. दादाच्या घरी जाऊन वहिनीला बोलून बसला, "वहिनी, आज वाटलं, दादा बाजूला बसलाय."

झालं! वहिनी आधीच दाराला कडी लावत नव्हती. "जातो म्हणाले नव्हते, येतो म्हणाले होते," एवढंच म्हणायची आणि रात्रभर दारासमोर खुर्चीत बसून राहायची. आता तिचं खाणंही सुटलं. टेस्टर बैठकीहून तिच्याकडे आला की ताट तसंच झाकलेलं, आणि ही दारात.

"आले होते का, भाऊजी?"

"वहिनी, वाऱ्याचा आवाज असेल."

"असेल नको. तुम्ही तपासल्याशिवाय बोलत नाही. तपासा आणि सांगा."

हो म्हणावं, तर ही जन्मभर त्या खुर्चीत बसणार. नाही म्हणावं, तर हिला धरून ठेवणारी शेवटची दोरी आपणच कापणार. तिचे गाल आत गेलेले. बांगडी कोपरापर्यंत सरकायची.

मग टेस्टरने तपासलं. खिडकीच्या फटी टेपने बंद केल्या. पंखा उघडून तेल घातलं. आपल्याच नाकातून येत असेल म्हणून डोळे पांढरे होईस्तोवर श्वास रोखला. शिट्टी चालूच. शेवटी गादीवर पावडर भुरभुरवली. त्या संध्याकाळी शिट्टी इतकी जवळून आली की कानाची पाळी गार पडली. घंटी झाल्यावर बघितलं, तर पावडर जशीच्या तशी.

सगळे गेल्यावर त्याने बाईंना सांगून टाकलं. त्या गाद्या झटकत होत्या.

"सगळं तपासलंस?"

"सगळं."

"आणि ही पावडर कोण पुसणार, तुझा काका?"

त्याने मुकाट्याने फडकं घेतलं.

"बाई, आहे की नाही, तेवढं सांगा. वहिनीला काय सांगू?"

"ती जेवली का आज?"

"नाही."

"मग तिचं आधी बघ. उद्या घेऊन ये तिला. ह्या गादीवर बसव."

"ह्या? दादाच्या?"

"रिकामी आहे ना? की नाहीये?" बाई म्हणाल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. पदर सावरून दादाच्या गादीवर बसली. घंटी झाली. टेस्टर भिंतीवरच्या एका पोपड्याकडे डोळे लावून बसला. बराच वेळ काही नाही. आणि मग शिट्टी आली. वहिनीच्या बाजूने. तीच. टेस्टरला वाटलं, रडतेय, नाक चोंदलं असेल. मग तो स्वतःच रडायला लागला, कसा ते कळलंच नाही. इतक्या महिन्यांचं सगळं नाकाडोळ्यांतून वाहिलं. मान मात्र वळवली नाही.

घंटी झाल्यावर वहिनीकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे, चेहरा शांत.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुमचं नाक पण ह्यांच्यासारखंच वाजतं हो. सारखं तुमच्या बाजूने येत होतं."

टेस्टरने दोन गाद्यांच्या मधे बघितलं. तिथे वीतभर फरशी होती. बास.

वहिनीने आज विचारलं नाही, आले होते का म्हणून. वाटेत म्हणाली, "भूक लागलीय." घरी ताटावरचं झाकण काढून तिने सावकाश, पोटभर खाल्लं. त्याला दारापर्यंत सोडायला आली.

"नीट जा, भाऊजी."

"कडी लावा, वहिनी."

कडीवर हात ठेवून ती उभी राहिली. मग दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला. खट्ट.

टेस्टर जिना उतरायला लागला. जिन्यातला दिवा गेलेला. वायरमनच्या भावाच्या घरचा जिना, अंधारच असायचा. अर्ध्यावर आला असेल, तोच मागून, वरच्या पायरीवरून, बारीक शिट्टी आली.

त्याचा हात सवयीने खिशातल्या टेस्टरकडे गेला. मग त्याने हात रिकामाच मागे घेतला आणि भिंतीला लागून जरा बाजूला सरकला, एक माणूस जाईल इतका.

"जपून रे दादा," समोर बघतच तो म्हणाला, "ही पायरी हलते."