माझ्यातून परत गेलेले पाकीट

मी एक जुनी किओंडो आहे, म्हणजे घायपाताच्या सुतळीने विणलेली टोपली. मित्रांनो, माणुसकीचे मूळ स्थान मीच, असे एका वक्त्याने भर सभेत सांगितले होते. सभा संपल्यावर माझ्यात कांदे भरले.

माचाकोसजवळच्या टेकडीवर मूकबधिर मुलांचे वसतिगृह आहे. ते चालवणाऱ्या सिओंबुआबाईंच्या आईने मला विणले. गावात हरांबे भरली, म्हणजे चांगल्या कामासाठी सगळ्यांनी मिळून पैसे उभे करायचे ठरले, की मला मांडवाच्या मधोमध ठेवत. देणाऱ्याचे नाव आणि रक्कम कर्ण्यावरून पुकारली जाई आणि रकमेच्या मानाने टाळ्या पडत. शेवटी प्रमुख पाहुणे उठत, पाकीट उंच धरून म्हणत, "हे माझ्याकडून आणि माझ्या मित्रांकडून!" मित्र कोण, त्यात कुणाचे किती, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. टाळ्या अर्थात पाहुण्यांना.

पुढे लोक मोबाईलवरून पैसे धाडू लागले आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. त्याचे मला वाईट वाटे; पण सांगणार कुणाला? तिथली मुले ऐकत नाहीत आणि मी बोलत नाही.

मग वादळात वसतिगृहाचे छप्पर उडाले. मुले चुलीभोवती झोपू लागली. पावसाळ्याआधी पत्रे चढले नाहीत तर मुलांना घरी पाठवावे लागणार होते, आणि घरी त्यांच्याशी हातांनी बोलणारे कुणी नव्हते.

वसतिगृहाचे खजिनदार न्झिओका गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांनी सरकारदरबारी खेटे घालून अशी मान्यता मिळवली, की संस्थेला दिलेली देणगी देणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा व्हावी आणि तेवढ्यावर कर लागू नये. अट एकच, ज्याचे पैसे त्याच्याच नावाची पावती. गुरुजींनी नैरोबीतल्या प्रत्येक नोकरदार गावकऱ्याला फोन केला, "अरे, तुझा थोडा कर वाचेल, त्यात आणखी भर घालून दे." लोकांना ते पटले. नेहमी शंभर शिलिंगांवर बोळवण करणारे हजारांची भाषा बोलू लागले. मला धुऊन पुन्हा मांडवात ठेवले.

प्रमुख पाहुणे म्बिथीसाहेब उठले. "एक लाख शिलिंग! माझ्याकडून आणि माझ्या मित्रांकडून!" पाकीट माझ्यात पडले. आधी जमलेल्यात ही भर पडून पत्र्यांची सोय झाली होती. सिओंबुआबाईंनी डोळे पुसले.

"पावती माझ्या नावाने करा," साहेब हळूच म्हणाले.

"वा दादा!" साहेबांबरोबर आलेल्या न्दुंगेबाई मागून ओरडल्या. त्या बँकेत होत्या. "कर काय फक्त तुमच्याच पगारातून कापतात? आमच्या पावत्या कुठायत?"

गुरुजी हरखले. "भांडता कशाला? प्रत्येकाला वेगळी देतो की. आपापली रक्कम सांगा."

"माझे चाळीस हजार," न्दुंगेबाई म्हणाल्या.

"माझे पस्तीस," त्यांच्या शेजारचा ठेकेदार म्हणाला.

"पंचवीस माझे," त्याचा मेहुणा म्हणाला.

गुरुजींनी लिहून घेतले आणि भाबडेपणाने विचारले, "आणि साहेब, तुमचे?"

मांडवातल्या प्रत्येकाने मनात बेरीज केली होती. मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "साहेबांचा आवाज होता ना बाई! तो काय फुकट येतो?"

मांडव हसला. साहेब हसले नाहीत. "पाहुण्याला हिशेब विचारता? मग हे पैसे तुमच्या लायकीचे नाहीत. ज्याचे त्याला परत करतो." त्यांनी माझ्यात हात घातला आणि पाकीट उचलले. मला मूठ आवळता येत नाही, मित्रांनो. मित्रमंडळीही त्यांच्यामागे निघाली, कारण परतीची गाडी साहेबांची होती.

"गुरुजी, एक नाव खरडलं असतंत तर काय बिघडलं असतं?" सिओंबुआबाईंनी विचारले.

"मान्यता गेली असती, बाई."

"आणि आता मुलं जातील."

गुरुजींनी नंतर तिघांनाही फोन केले. न्दुंगेबाई म्हणाल्या, "देते हो गुरुजी, पण दादांना वाईट वाटेल." पहिला पाऊस पडला तेव्हा सिओंबुआबाई मुलांच्या पिशव्या भरत होत्या.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. देणगी द्याल तेव्हा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने द्या. आणि टोपली वर्षातून एकदा तरी उन्हात ठेवा, नाहीतर तिला बुरशी लागते.

येत्या शनिवारी शेजारच्या गावात दवाखान्यासाठी हरांबे आहे. प्रमुख पाहुणे म्बिथीसाहेब आहेत.