दोन घासांमधला वेळ

धनजच्या पंजाबरावांच्या भवऱ्या बैलाचे दोन फोटो माझ्याकडून बिघडले. गोठ्यात त्याचे काळे तोंड अंधारात बुडाले, आणि बाहेर रवंथ करताना जबडा पुसट आला. आता कॅमेऱ्यात घालायची फोटोची एकच काच उरली होती, आणि म्हातारा बैल फार दिवस काढणार नव्हता.

"मानेवर जू ठेवा, म्हणजे स्थिर राहील," मी म्हणालो.

"नाही भाऊ. पोळ्याले त्याच्या कानात सांगतलं, आता जू नाही. फोटोसाठी खोटा पडू काय?"

मी थकून बसलो आणि भवऱ्याकडे पाहत राहिलो. घास गिळल्यावर दुसरा वर येईपर्यंत त्याचा जबडा तीन-चार सेकंद थांबत होता. तेवढा वेळ मला पुरेसा होता.

बैल झाडाच्या सावलीत आणला, शेजारी पंजाबराव उभे राहिले. त्यांच्या पत्नी आवडाबाईंनी उन्हात पांढरे धोतर ताणून धरले, त्याचा उजेड काळ्या तोंडावर पडला. घास गळ्याखाली उतरला, तसे मी भिंगावरचे झाकण काढले.

आठवड्याने कारंज्याहून फोटो छापून आणला. भवऱ्याची पापणी न् पापणी दिसत होती, पंजाबराव मात्र पुसट आले होते.

"तुम्ही हाललात," मी म्हणालो.

"रडू आलं थोडं. राहू द्या," रिकाम्या दावणीकडे पाहत ते म्हणाले, "मी तं हावोच अजून."